बेल टेलिफोनची भाडेसेवा : हबर्ड यांचं यंत्र, व्हेल यांची तार

जुन्या टेलिफोनविषयी लिहायला बसलेला माणूस बहुतेक वेळा यंत्रापाशीच रेंगाळतो. अक्रोडाच्या लाकडाची पेटी, निकेलच्या दोन घंटा, बाजूला फिरवायची मूठ. दिसायला देखणी वस्तू आहे, वादच नाही. पण १८७७ पासून अमेरिकेतल्या गिऱ्हाइकानं बेल कंपनीला पैसे मोजले ते सेवेसाठी. यंत्र त्याच्या मालकीचं कधी झालंच नाही. म्हणून या सेवेची पारख करताना एक साधा प्रश्न विचारावा लागतो : तार कोणाची? ती तुटली, गंजली, तिच्यात खरखर शिरली, तर निस्तरायचं कोणी?

याचं उत्तर दोन माणसांनी दोन तऱ्हांनी दिलं. पहिले बॉस्टनचे वकील गार्डिनर ग्रीन हबर्ड, अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांचे सासरे. दुसरे थिओडोर न्यूटन व्हेल, रेल्वे टपालसेवेचे अधीक्षक, ज्यांना हबर्ड यांनीच १८७८ मध्ये सरव्यवस्थापक म्हणून आणलं. शोधाचं श्रेय बेल यांचं. धंदा मात्र या दोघांनी उभा केला, आणि त्यातही सेवा म्हणावी असं जे काही आहे ते व्हेल यांचं.

१८७७ चा करार : यंत्र आमचं, तार तुमची

मे १८७७ च्या जाहिरातपत्रकातला दर असा. घर दुसऱ्या इमारतीशी जोडायचं असेल तर दोन टेलिफोनांचं वर्षाचं भाडं २० डॉलर. धंद्यासाठी ४० डॉलर. दर सहा महिन्यांनी आगाऊ भरायचे, पार्सलचा खर्च वेगळा. त्याच तारेवर आणखी यंत्र हवं असेल तर प्रत्येकी १० डॉलर जादा, पण गुप्तता हवी असेल तर दोनाहून अधिक जोडू नका असा सल्लाही पत्रकातच आहे. हाक मोठ्यानं ऐकू यावी असं वाटत असेल तर त्याची सोय आणखी ५ डॉलरांत.

विकण्याऐवजी भाड्यानं द्यायची कल्पना हबर्ड यांना सुचली ती बुटांच्या धंद्यातून. गॉर्डन मॅके यांची जोडे शिवायची यंत्रं कारखान्यांना विकली जात नसत. ती भाड्यानं दिली जात आणि शिवलेल्या जोडांच्या हिशोबानं पैसे घेतले जात. हबर्ड त्यांचे वकील होते. हीच रीत त्यांनी टेलिफोनला लावली. गिऱ्हाइकाचा फायदा उघड होता : यंत्र बिघडलं तर फुकट दुरुस्ती, फक्त निष्काळजीपणानं मोडलं तर नाही. कंपनीचा फायदा त्याहून मोठा. प्रत्येक यंत्र तिच्या मालकीचं राहिल्यामुळे पेटंटवरची पकड ढिली होत नव्हती आणि सुधारलेलं यंत्र आलं की जुनं परत घेता येत होतं. या एका निर्णयाला पूर्ण गुण.

तारेचं मात्र घोंगडं गिऱ्हाइकाच्या गळ्यात. पत्रक सांगतं की कोणताही चांगला मिस्त्री लाइन उभारू शकेल, खर्च मैलाला १०० ते १५० डॉलर. तपशीलही दिलाय : ९ नंबरची लोखंडी तार पौंडाला साडेआठ सेंट, मैलाला ३२० पौंड. इन्सुलेटर ३४, प्रत्येकी २५ सेंट. तार ओढायची मजुरी ५ डॉलर, किरकोळ १० डॉलर. खांबांचा दर जागेप्रमाणे. बेरीज केली तर तार २७.२० डॉलर, इन्सुलेटर ८.५० डॉलर, मजुरी आणि किरकोळ धरून ५०.७० डॉलर. म्हणजे उरलेले ५० ते १०० डॉलर खांबांसाठी, खांबामागे दीड ते तीन डॉलर. मैलाला ३४ खांब म्हणजे दोन खांबांत सुमारे १६० फूट.

कागदावर हिशोब चोख आहे, पण त्यात एक मेख आहे. ही एकेरी तार. परतीचा रस्ता जमिनीतून, म्हणजे दोन्ही टोकांना अर्थिंग. ओल्या मातीत पुरलेला पत्रा किंवा पाण्याची नळी मिळाली तर ठीक, नाहीतर उन्हाळ्यात माती वाळली की विजेच्या वाटेतला विरोध वाढतो आणि आवाज बसतो. तारेचे जोड नुसते पिळून, झाळ न देता केले तर वर्षभरात गंज चढतो. मग वारा सुटला की तार हलते, जोड हलतो, आणि कानात चरचर. झाडाची ओली फांदी टेकली की आवाजातला बराचसा जोर तिथूनच जमिनीत. यंत्रात बिघडण्यासारखं जवळपास काही नव्हतं : एक चुंबक, एक वेटोळं, एक लोखंडी चकती. बॅटरीही नव्हती. बिघाड व्हायचा तो तारेत, आणि तारेची दुरुस्ती भाडेकरूच्या माथी, असं करारातच लिहिलेलं. सेवा म्हणून ही पहिली आवृत्ती काठावर पास.

पत्रकाचा प्रामाणिकपणा मात्र मान्य करावा लागेल. पहिल्यांदा ऐकताना शब्द अस्पष्ट वाटतील, थोड्या सरावानं कान सरावतो, अधूनमधून एखादा शब्द पुन्हा सांगावा लागेल, हे त्यांनी छापून टाकलंय. आपल्या मालाची खोट जाहिरातीत सांगणारा दुकानदार विरळाच.

हाक मारायची अडचण

सुरुवातीच्या यंत्रात घंटा नाही. एकाच तोंडातून बोलायचं आणि तेच कानाला लावायचं. पलीकडच्याला बोलवायचं तर त्यात ओरडायचं, नाहीतर पेन्सिलीनं चकतीवर टकटक करायची. असं टोचून टोचून चकतीला पोचा येतो. चकती आणि चुंबकाचं टोक यांतली फट केसभर असते. चकती वाकून टेकली की आवाज मेला. बेल यांचे सहकारी थॉमस वॉटसन यांनी आधी चकतीवर बाजूनं ठोका देणारी छोटी हातोडी बसवली, मग गुणगुणणारा बझर केला आणि १८७८ मध्ये मॅग्नेटो घंटा दिली. मूठ फिरवली की नालाकृती चुंबकांमध्ये आर्मेचर, म्हणजे तारेचं वेटोळं, फिरतो, उलटसुलट प्रवाह तयार होतो आणि पलीकडची घंटा खणखणते. खेड्यांतल्या लाइनींवर हीच मूठ पुढे कित्येक दशकं फिरत राहिली.

एक्स्चेंज आलं आणि हिशोब बदलला

२८ जानेवारी १८७८ रोजी कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनला जॉर्ज कॉय यांनी पहिलं व्यापारी एक्स्चेंज उघडलं, म्हणजे सगळ्यांच्या तारा एका जागी आणून हव्या त्या दोन जोडून देणारं केंद्र. २१ ग्राहक, ८ तारा. स्विचबोर्ड बग्गीच्या बोल्टांचा आणि बायकांच्या घागऱ्यातल्या तारेचा. दिसायला खेळण्यासारखा, पण त्यानं दोन घरांतल्या जोडीचा सौदा संपवला. २१ फेब्रुवारीला निघालेल्या पहिल्या यादीत ५० नोंदी होत्या. आता आपल्या एका तारेवरून कोणाशीही बोलता येत होतं, म्हणून शेजारी जोडला गेला की आपल्या जोडणीची किंमत आपोआप वाढू लागली.

इथेच व्हेल यांचा प्रवेश होतो आणि त्यांचं टपालखातं कामी येतं. रेल्वेच्या डब्यात चालत्या गाडीत पत्रं वर्गवारी करून पुढच्या फाट्यावर उतरवायची, हे त्यांचं आयुष्य. कुठली पिशवी कुठे तटते हे पाहायची सवय जडलेल्या माणसाला टेलिफोनकडे दोन टोकांची वस्तू म्हणून बघताच आलं नसतं.

आल्या आल्या समोर वेस्टर्न युनियन ही तारसंदेशांची बलाढ्य कंपनी होती. तिच्याकडे तारांचं जाळं तयार, शिवाय एडिसन यांचा कार्बन ट्रान्समीटर, म्हणजे तोंडाशी धरून बोलायचा भाग, जो बेल यांच्या यंत्रापेक्षा स्पष्टपणे मोठ्यानं बोलायचा. व्हेल यांनी एजंटांना बेल यांच्या पेटंटची प्रत पाठवून पाय रोवून उभं राहायला सांगितलं. सप्टेंबर १८७८ मध्ये वेस्टर्न युनियनच्या एजंटावर, पीटर डाउड यांच्यावर, दावा लागला. १० नोव्हेंबर १८७९ ला तडजोड झाली : वेस्टर्न युनियननं टेलिफोनचा धंदा सोडला, ५५ शहरांतले सुमारे ५६ हजार टेलिफोन बेलकडे आले आणि त्याबदल्यात पेटंटच्या मुदतीपर्यंत, म्हणजे १७ वर्षं, भाड्याचा २० टक्के वाटा वेस्टर्न युनियनला द्यायचं ठरलं.

दरम्यान ट्रान्समीटरची उणीव फ्रान्सिस ब्लेक यांच्या यंत्रानं भरून निघाली होती. सुरुवातीला ते फार लवकर बिघडायचं. एमिल बर्लिनर यांना कंपनीत घेऊन ते वापरण्याजोगं केलं गेलं.

या काळातले व्हेल यांचे तीन निर्णय गिऱ्हाइकाला थेट जाणवले.

पहिला परवान्यांचा. गावोगावच्या एक्स्चेंज कंपन्यांना परवाना मिळायचा तो त्यांच्या हद्दीपुरता. दोन शहरांमधली तार मूळ कंपनी राखून ठेवायची. कायमचा परवाना हवा असेल तर स्थानिक कंपनीच्या भागभांडवलात मोठा हिस्सा द्यावा लागे. स्थानिक लोकांना हे जाचक वाटलं, पण त्यामुळे एका गावची लाइन दुसऱ्या गावच्या लाइनीला जोडता येईल अशा पद्धतीनंच बांधली जाऊ लागली.

दुसरा कारखान्याचा. १८७९ पर्यंत सगळी यंत्रं बॉस्टनच्या चार्ल्स विल्यम्स यांच्या दुकानात बनत. मागणी झेपेना म्हणून इंडियानापोलिस, सिनसिनाटी, बाल्टिमोर इथल्या कारखानदारांना परवाने दिले गेले. त्याचा परिणाम कोणाही लाइनमनला सांगता येईल : स्क्रूचे आटे वेगळे, घंटांचा विरोध वेगळा, एका पेटीचा भाग दुसरीला बसत नाही. १८८१ मध्ये व्हेल यांनी शिकागोच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकवर ताबा मिळवला आणि फेब्रुवारी १८८२ च्या करारानं ती बेलची एकमेव उत्पादक झाली. एका नमुन्याची यंत्रं म्हणजे एका पेटीतल्या सुट्या भागांनी कुठलंही यंत्र दुरुस्त होणं. गिऱ्हाइकाला हे दिसत नाही, पण दुरुस्ती आठवड्याऐवजी तासात होते तेव्हा कारण हेच असतं.

तिसरा लांबच्या तारांचा. तो सर्वांत महत्त्वाचा, त्यावर पुढे येतोच.

तीन पेट्यांचा भिंतीवरचा संच : काय बिघडतं

१८८० च्या दशकात ग्राहकाच्या भिंतीवर एक उभी फळी यायची. वर मॅग्नेटोची पेटी आणि घंटा, मध्ये ब्लेक ट्रान्समीटर, खाली बॅटरीची पेटी, तिच्यावर माणसाला वही टेकवून लिहिता येईल असं तिरकं झाकण. रिसीव्हर, म्हणजे कानाला लावायचा भाग, डाव्या आकड्यावर (हुकावर).

या संचाच्या तक्रारींपैकी बऱ्याच बॅटरीतून निघतात. लेक्लांशे घट म्हणजे काचेची बरणी, तिच्यात नवसागराचं पाणी, जस्ताची कांडी आणि सच्छिद्र भांड्यात मँगनीज डायऑक्साइडमध्ये ठासलेला कार्बन. दीड व्होल्टच्या आसपास दाब. हा घट थोडा वेळ काम करून विश्रांती घेणाऱ्यातला आहे. सतत प्रवाह ओढला की हायड्रोजन साचून तो मरगळतो, सोडून दिला की सावरतो. म्हणून रिसीव्हर आकड्यावर टांगणं हा नुसता शिस्तीचा भाग नाही. आकडा खाली गेला की ट्रान्समीटरचं सर्किट तुटतं आणि घंटा तारेवर येते. रिसीव्हर रात्रभर फळीवर पडून राहिला तर सकाळी दोन गोष्टी होतात : घट बसलेला असतो, आणि रात्री कोणी घंटा दिली असेल तर ती वाजलेलीच नसते.

पाणी उडून जातं, तेवढी भर घालत राहावी लागते. नवसागर बरणीच्या कडेवरून चढून बाहेर पांढरे स्फटिक जमवतो आणि जोडावरचं पितळ हिरवं करतो. बरणीच्या तोंडाला मेणाचा हात फिरवला तर हे थांबतं. जस्त झिजून काडीसारखं झालं की बदलायचं. ‘आम्हाला नीट ऐकू येतं, पण आमचं पलीकडे ऐकू जात नाही’ अशी तक्रार असेल तर आधी बॅटरीची पेटी उघडावी, कारण ऐकायला घट लागत नाही, बोलायलाच लागतो.

ब्लेक ट्रान्समीटरमध्ये प्लॅटिनमचा बारीक मणी कार्बनच्या गुंडीवर टेकलेला असतो, दोन्ही आपापल्या स्प्रिंगवर. दाब कमी झाला तर मोठ्यानं बोलताना संपर्क सुटतो आणि आवाज फाटतो. जास्त झाला तर आवाज मंद. आतल्या स्क्रूनं पाव फेऱ्याच्या आत सगळा फरक पडतो. कंपनीचा निरीक्षक फेरीवर येऊन हे लावून जायचा. गिऱ्हाइकानं स्वतः स्क्रूड्रायव्हर घातला की पुढच्या फेरीपर्यंत बोंब. शहरातल्या शहरात हे यंत्र गोड आवाज देतं, लांबच्या तारेवर त्याचा दम तुटतो. तिथे कार्बनचे दाणे वापरणारे ट्रान्समीटर जोरकस, पण दाणे खाली बसून घट्ट होतात आणि आवाज दबतो. बोटानं हलकी टिचकी मारली की सुटतात. १८९० मधल्या अँथनी व्हाइट यांच्या ‘सॉलिड बॅक’ रचनेत दाणे दोन कार्बन चकत्यांमधल्या छोट्या कोठडीत बसवले आणि मागची चकती भक्कम पट्टीवर घट्ट केली, तेव्हा हा त्रास पुष्कळच कमी झाला.

वीजरोधकाविषयी, म्हणजे आकाशातली वीज यंत्रात शिरू न देणाऱ्या भागाविषयी, कोणी सांगत नाही, पण पावसाळी हवेतल्या निम्म्या ‘बंद पडला’ तक्रारी तिथल्या. पेटीच्या माथ्यावर करवतीच्या दातांसारख्या कडा असलेल्या पितळी पट्ट्या असतात. वादळात त्यांच्यातल्या भोकात खुंटी घालायची म्हणजे यंत्र तारेपासून वेगळं होतं. वादळ सरलं, खुंटी काढायची राहिली, की टेलिफोन मुका. आणि वीज चाटून गेली असेल तर दातांमध्ये काजळी धरते आणि तार गुपचूप जमिनीला लागते. पट्ट्या सोडवून कोरड्या फडक्यानं पुसल्या की काम झालं.

बिघाड कुठे आहे हे मूठच सांगते. मूठ जड लागली तर तारा कुठेतरी एकमेकींना किंवा जमिनीला टेकल्यात. अगदीच हलकी फिरली आणि सीरिज जोडणीच्या (घंटा आणि तार एकापाठोपाठ एक जोडलेल्या) संचात आपलीच घंटा वाजली नाही, तर तार तुटलीय. इतकं निदान करून निरोप पाठवला तर लाइनमन योग्य सामान घेऊन येतो.

बोलणं संपल्यावर मूठ पुन्हा एकदा थोडी फिरवायची असते, हे नवखे हमखास विसरतात. एक्स्चेंजमध्ये आपल्या तारेची खुणेची झडप पडल्याशिवाय ऑपरेटरला संभाषण संपल्याचं कळत नाही. मग ती मध्ये येऊन ‘झालं का?’ विचारते आणि लोक तिच्यावरच डाफरतात. सुरुवातीला हे काम तारखात्यातून आलेली पोरं करत आणि डाफरण्याला डाफरूनच उत्तर देत. १ सप्टेंबर १८७८ ला बॉस्टनमध्ये एमा नट कामावर आल्या आणि पाठोपाठ सगळीकडे बायका आल्या.

खरखर, तांबं आणि दुसरी तार

एकेरी लोखंडी तारेची खरी परीक्षा लांबच्या अंतरावर होते. शेजारच्या तारायंत्राची कडकट्ट तिच्यात शिरते, समांतर टेलिफोनच्या गप्पा शिरतात, आणि विजेच्या ट्रामगाड्या आल्यावर तर जमिनीतूनच गुरगुर येऊ लागली, कारण ट्रामचा परतीचा प्रवाहही त्याच जमिनीतून. बॉस्टन ते प्रॉव्हिडन्स ही ४५ मैलांची लाइन व्हेल यांनी रेटून १८८१ मध्ये सुरू केली तेव्हा गोंगाटानं ती जवळपास कुचकामी ठरली होती. उपाय निघाला दुसऱ्या तारेचा. जमीन सोडून द्यायची आणि परतीलाही तारच वापरायची. दोन्ही तारांत गोंगाट सारखाच शिरतो आणि टोकाला एकमेकाला खोडून काढतो. ठरावीक खांबांवर दोघींच्या जागा अदलाबदल केल्या की शेजारच्या जोडीचं बोलणंही ऐकू येईनासं होतं. तरुण जॉन कार्टी यांचं नाव या कामाशी जोडलेलं आहे. पुढे तेच कंपनीचे मुख्य अभियंते झाले.

तारांचं तांबंही महत्त्वाचं. त्याच जाडीच्या लोखंडाचा विरोध पाच-सहा पट, शिवाय लोखंड चुंबकीय असल्यानं बोलण्यातले तीव्र स्वर जास्त खाल्ले जातात : ‘स’, ‘श’, ‘फ’ आधी जातात. मऊ तांबं मात्र खांबांमध्ये लोंबतं आणि तुटतं. थॉमस डूलिटल यांनी तांबं थंड अवस्थेतच साच्यातून ओढून कडक केलं. १८८४ मध्ये न्यू यॉर्क-बॉस्टन लाइन अशा तारेवर बोलू लागली.

खर्च दुप्पट झाला : दोन तारा, त्याही तांब्याच्या. स्थानिक कंपन्यांना एवढं भांडवल झेपणारं नव्हतं आणि बॉस्टनच्या भागधारकांना लाभांश हवा होता. व्हेल यांचा मार्ग म्हणजे लांबच्या तारांसाठी वेगळीच कंपनी. ३ मार्च १८८५ ला न्यू यॉर्कमध्ये अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ कंपनी नोंदवली गेली, व्हेल तिचे पहिले अध्यक्ष. सनदेत अमेरिकेतलं प्रत्येक शहर, गाव जोडायचंच, पण कॅनडा, मेक्सिको आणि केबलनं उरलेलं ज्ञात जगही, असं लिहिलेलं. तेव्हा त्यांची पहिली लाइन न्यू यॉर्क ते फिलाडेल्फिया एवढीच होती. सनद लिहिताना हात आखडता घेतला नाही, हे बरं केलं.

१८८७ मध्ये व्हेल बाहेर पडले. नफा वाटायचा की तारेत घालायचा यावर संचालकांशी पटेना. पण त्यांनी आखलेली लाइन पुढे सरकत राहिली आणि १८ ऑक्टोबर १८९२ ला न्यू यॉर्क शिकागोशी बोललं. ९५० मैल, दोन तारा, मैलाला ४३५ पौंड तांबं : एकूण ८,२६,५०० पौंड. पहिल्या पाच मिनिटांना ९ डॉलर. महाग? हो. पण त्या पाच मिनिटांत ८ लाख पौंड तांबं तुमच्या एकट्यासाठी राखून ठेवलेलं असतं, हेही लक्षात घ्यावं.

दरांबद्दलची नाराजी

इथे गुण कापावे लागतात. पेटंट असेपर्यंत बेल कंपनीनं मोठ्या शहरांतल्या धंदेवाल्यांकडे पाहून दर ठेवले. खेड्यांकडे आणि साध्या घरांकडे दुर्लक्ष केलं. ठोक भाडं की कॉलवार आकारणी, हा वादही नीट हाताळला नाही. न्यू यॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये १८८६ मध्ये कॉलवार दर लावायचा घाट घातला तेव्हा ग्राहकांनी टेलिफोन वापरणंच बंद केलं आणि हा बहिष्कार साधारण दीड वर्ष चालला. तत्त्वतः कॉलवार दर चुकीचा नव्हता : दिवसाला दोन कॉल करणाऱ्यानं दोनशे कॉल करणाऱ्याचा भार का उचलावा? पण आधी ठोक भाड्याची सवय लावून मग मोजायला बसलं की गिऱ्हाईक बिथरणारच.

१८९३ आणि १८९४ मध्ये मुख्य पेटंटं संपली आणि हजारो स्वतंत्र कंपन्या उगवल्या. कुठे शेतकऱ्यांनीच काटेरी कुंपणाच्या तारेवरून लाइन चालवली. बेलला दर उतरवावे लागले, गावांकडे वळावं लागलं. १९०७ पर्यंत देशातले जवळपास निम्मे टेलिफोन स्वतंत्र कंपन्यांचे होते. स्पर्धेनं दर कमी झाले हे खरं, पण दोन जाळी एकमेकांना जोडलेली नव्हती. दुकानदाराला मेजावर दोन टेलिफोन ठेवावे लागत, दोन भाडी भरावी लागत, दोन याद्या चाळाव्या लागत. आणि लांबचा कॉल मात्र बेलच्याच तारेवरून.

व्हेल पुन्हा

१९०७ मध्ये कर्जानं वाकलेली कंपनी बँकमालक जे. पी. मॉर्गन यांच्या गटाच्या हाती गेली आणि साठी ओलांडलेल्या व्हेल यांना व्हरमाँटच्या शेतावरून परत बोलावण्यात आलं. बॉस्टन आणि शिकागोतले अभियंते त्यांनी न्यू यॉर्कला कार्टी यांच्या हाताखाली एकत्र आणले. १९०८ च्या वार्षिक अहवालात त्यांनी लिहिलं की पलीकडे जोडणी नसेल तर टेलिफोन हे खेळणंही नाही, जगातल्या सर्वांत निरुपयोगी वस्तूंपैकी एक आहे. ‘एक धोरण, एक यंत्रणा, सार्वत्रिक सेवा’ ही घोषणा याच काळातली.

‘सार्वत्रिक’चा अर्थ लोक पुढे ‘प्रत्येकाला परवडणारी’ असा लावू लागले. व्हेल यांचा तेव्हाचा रोख दोन टेलिफोनांच्या मेजावर होता : कुठल्याही यंत्रावरून कुठल्याही यंत्राशी बोलता आलं पाहिजे, आणि ते एकाच यंत्रणेत शक्य आहे. युक्तिवाद तांत्रिकदृष्ट्या भक्कम. त्यातून मक्तेदारीही आपसूक निघते, हा योगायोग म्हणायचा तर म्हणा.

ग्राहकाच्या भिंतीवर या वर्षांत झालेला मोठा बदल म्हणजे कॉमन बॅटरीचा प्रसार. खोलीतली बरणी गेली, मूठ गेली. एक्स्चेंजमधून साधारण २४ व्होल्ट त्याच जोडतारेवरून येऊ लागले. रिसीव्हर उचलला की ऑपरेटरसमोर दिवा लागतो, ठेवला की कळतं. नवसागर, मेण, जस्त, विसरलेली मूठ : वरची अर्धी तक्रारवही एका फटक्यात बाद. तोटा एवढाच की तार आता निर्दोष हवी. मॅग्नेटो गळक्या तारेवरूनही घंटा वाजवतो, कॉमन बॅटरीत गळक्या तारेनं एक्स्चेंजचा दिवा उगाच पेटतो. आणि एक्स्चेंजपासून फार दूर असलेल्या घराला पुरेसा प्रवाह पोचत नाही, म्हणून लांबच्या शेतांवर जुन्याच पेट्या राहिल्या.

१९०९ मध्ये व्हेल यांनी वेस्टर्न युनियनवरच ताबा मिळवला. एकाच कंपनीकडे तारसंदेश आणि टेलिफोन दोन्ही पाहून सरकारनं डोळे वटारले. १९ डिसेंबर १९१३ ला कंपनीचे उपाध्यक्ष नेथन किंग्जबरी यांच्या पत्रानं समझोता झाला : वेस्टर्न युनियन सोडायची, प्रतिस्पर्धी कंपन्या परवानगीशिवाय विकत घ्यायच्या नाहीत, आणि स्वतंत्र कंपन्यांच्या ग्राहकांना लांब पल्ल्याच्या तारा खुल्या करायच्या. बारीक अक्षरं वाचली तर लक्षात येतं की खुला झाला तो फक्त लांबचा कॉल. एकाच गावातल्या दोन एक्स्चेंजांना एकमेकांशी जोडायची सक्ती त्यात नाही. म्हणजे मेजावरचे दोन टेलिफोन या पत्रानं हलले नाहीत.

तीन मिनिटांना २०.७० डॉलर

शेवटची वस्तू म्हणजे न्यू यॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को. शेवटचा खांब जून १९१४ मध्ये युटातल्या वेंडोव्हरला रोवला गेला, औपचारिक उद्‍घाटन २५ जानेवारी १९१५ ला. बेल न्यू यॉर्कला, वॉटसन सॅन फ्रान्सिस्कोला, व्हेल जॉर्जियाच्या जेकिल बेटावर. सुमारे १ लाख ३० हजार खांब, ३,४०० मैल, चार तारा, त्याच ४३५ पौंडांच्या. एवढ्या तांब्यानंही आवाज पोचला नसता. ठरावीक अंतरावर लोडिंग कॉइल, म्हणजे तारेची वेटोळी, बसवल्या, त्यामुळे आवाजाची घसरण कमी झाली. पण कॉइल झीज रोखते, भरून काढत नाही. भरून काढायचं काम वाटेतल्या रिपीटरांचं, म्हणजे आवाज पुन्हा वाढवून पुढे पाठवणाऱ्या यंत्रांचं, आणि त्यांतल्या निर्वात नळ्या हॅरल्ड आर्नल्ड यांनी ली डी फॉरेस्ट यांच्या ऑडिऑन या नळीवरून सुधारल्या होत्या. तारा इतक्या लांब की पावसात सगळ्या इन्सुलेटरांवरची ओल मिळून आवाज बसवते. मोठ्या वादळाच्या दिवशी हा कॉल लावू नये.

१९१५ चा दर : पहिल्या तीन मिनिटांना २०.७० डॉलर, पुढच्या प्रत्येक मिनिटाला ६.७५. हबर्ड यांच्या पत्रकात २० डॉलरांत दोन यंत्रं वर्षभर मिळत होती, तारेचा खर्च मात्र आपला होता. इथे तीन मिनिटांसाठी तेवढेच पैसे जातात, पण ३,४०० मैलांत कुठे फांदी टेकली, कुठे जोड गंजला, याची काळजी दुसऱ्या कोणाची असते. काय बोलायचं ते आधी कागदावर लिहून घ्या आणि ‘ऐकू येतंय का?’ यावर मिनिट घालवू नका. येतं.